भूपालअण्णांचं फडकं आणि खडू

भूपालअण्णा पाणी गाळून प्यायचे. पितळेच्या तांब्याच्या तोंडाला दुपदरी पांढरं फडकं बांधलेलं असायचं आणि ते रोज सकाळी धुऊन वाळत पडायचं. जैन घरातला माणूस, त्यात नवल काही नव्हतं. नवल पुढचं होतं. गाडीच्या गिअरमधून काढलेलं काळंकुट्ट तेलही ते तसंच, दुसऱ्या एका पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. मग ते फडकं उन्हात धरून, मान तिरकी करून, पंचांग वाचावं तसं वाचायचे. कुठला कण चमकतो, कुठला पिवळा दिसतो, कुठला बोटाला टोचतो.

"पाण्यातला जीव वाचवायचा आणि तेलातला चोर धरायचा," ते म्हणायचे. "फडकी तेवढी दोन ठेवायची."

उंब्रजला महामार्गाच्या मागच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. मूळचे ते सांगलीकडचे, घर शेतकऱ्याचं. तरुणपणी इकडे आले आणि जुन्या जीपगाड्यांचे वैद्य होऊन बसले. शेडला पाटी नव्हती. थेट औंधपासून लोक गाडी ओढत आणायचे आणि कुणाला न विचारता बरोबर पोचायचे. मात्र सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास शेड बंद. दिवस बुडायच्या आत जेवायचं हा घरचा नेम होताच, शिवाय दिव्याच्या उजेडात ते कधी इंजिन उघडत नसत. "दिव्यावर किडं येत्यात, मरत्यात, आणि मरून तेलात पडत्यात. पाप बी लागतं आणि बेरिंग बी जातं."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती ट्रॅक्टरच्या मागे बांधलेल्या जीपमध्ये बसून.

मी कवठे महांकाळ तालुक्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. जनावरांची डॉक्टर झाले तेव्हा वडिलांनी माझं प्रमाणपत्र चार दिवस सायकलच्या पिशवीत घालून गावभर दाखवलं होतं. पहिली नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संघात लागली. माझ्याकडे पश्चिमेच्या पठारावरचे पाच धनगरवाडे होते. वर जायला संघाची एकच गाडी, माझ्यापेक्षा वयानं मोठी असलेली फोरव्हील जीप. एरवी तिची मागची चाकं ओढायची. चढाला लागलं की ड्रायव्हरनं शेजारचा लहान गिअर, म्हणजे 'फोर', टाकायचा, मग पुढची चाकंही ओढायला लागायची. पठाराचा रस्ता पूर्वी सगळा तांबड्या चिकण मातीचा, गेल्या वर्षी त्यातला अर्धा सिमेंटचा झाला. पुढची चाकं ओढत नसतील तर तिथं चढता येत नाही.

आणि वर्षभर तेच होत होतं. फोर टाकलं की थोड्या वेळात गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी जखडायची. फोरचा गिअर मग काही केल्या निघायचा नाही. दोनदा तर आतली दातेरी चक्रीच मोडली होती. संघानं तोवर गॅरेज बदललेलं होतं, नव्या गॅरेजनं दोनदा चक्री बदलली आणि दोनदा सांगितलं, "ड्रायव्हरचा हात जड आहे." आमचे ड्रायव्हर दिनकरमामा. पंचवीस वर्षं गाडीला ओरखडा न येऊ दिलेला माणूस. त्यांना निष्काळजीपणाची नोटीस मिळाली. शनिवारी संचालकांची बैठक होती. जीप भंगारात, पठाराचा मार्ग बंद आणि दिनकरमामा घरी, हा ठराव लिहून तयार होता. मार्ग बंद म्हणजे पाच वाड्यांचं दूध खाली येणार नाही आणि लाळ-खुरकुताची लस बर्फाच्या पेटीतून वर जाणार नाही. व्यवस्थापक साहेब मला म्हणाले, "मॅडम, शनिवारपर्यंत गाडी वर चढवून दाखवा. मग बोलू."

तो सोमवार होता. दिनकरमामाच म्हणाले, "आता भूपालअण्णाच. दुसरं कोण न्हाई." वाटेत आणखी काही मोडू नये म्हणून जीप ट्रॅक्टरला बांधली.

मी शिकलेली. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहून सात बिघाडांची यादी करून आणली होती. अण्णांनी ती शांतपणे ऐकली. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पाय अनवाणी. मग म्हणाले, "डॉक्टरअक्का, बसलेली म्हस दिसली की तुमी आधी सुई टोचता व्हय?"

"नाही. आधी विचारते. कधीपासून बसली, काय खाल्लं, आधी काय झालं होतं."

"आणि मग?"

"मग बघते. हात लावून."

"मग आमच्या म्हशीनं काय घोडं मारलंय? तिला पयली सुई कशापायी?"

दिनकरमामा तोंडावर रुमाल धरून हसले. त्या महिन्यातलं त्यांचं ते पहिलं हसू असावं.

अण्णांनी खरोखर एक तास नुसतं विचारलं. कुठे जखडते? चढाला की उताराला? चिखलात की सिमेंटवर? मागे घेतली की सुटते का? दिनकरमामांनी सांगितलं, मागे घेतली की कधीकधी 'खट्' करून सुटते. अण्णांनी मान हलवली. मग स्वतः शेजारी बसले, अनवाणी पाय तळाच्या पत्र्यावर टेकवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "चला." फोर टाकून आम्ही सर्व्हिस रोडवरून सरळ निघालो. फर्लांगभर गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"डांबरावर वळताना फोर जखडतंच, त्यात नवल न्हाई. पण ही सरळ रस्त्यावर जखडती. पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत्यात."

परत येऊन त्यांनी तेल काढलं आणि गाळलं. फडक्यावर तुकडा नव्हता. नुसती बारीक, करडी, चमकणारी भुकटी होती आणि जळका वास. "हे बघा अक्का. आपटून मोडलं असतं तर टवका आला असता. ही रग्गड दिवसांची झीज हाय." मग दिनकरमामांकडे वळून, "दिनकर, तुजा हात जड न्हाई रं. जड हात टवकं पाडतो, भुकटी न्हाई."

दिनकरमामा नळावर जाऊन उगाच हात धुऊन आले.

एवढं कळलं होतं की चाकं भांडतात. का, ते कळत नव्हतं. अण्णांनी सुतळी घेतली आणि चारी टायरांना एकेक वेढा देऊन मापलं. पुढचे टायर मोठे आणि मागचे झिजलेले असले तरी असं भांडण लागतं, ते म्हणाले. सुतळी चारी टायरांना सारखी भरली. पुढच्या चाकांचे हब खोलले, चांगले निघाले. जॉइंट हलवून पाहिले, घट्ट होते. मग त्यांना संशय आला की दुसऱ्या गॅरेजवाल्यानं पुढचा क्राऊन-पिनियनच बदलला असेल. क्राऊन-पिनियन म्हणजे इंजिनाकडून आलेल्या शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणाऱ्या दोन चक्र्या, एक लहान, एक मोठी. शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक होतो, ते त्यांच्या दातांवर ठरतं.

"दात मोजायला पोट फाडायला नगं," अण्णा म्हणाले आणि खिशातून खडूचा तुकडा काढला. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर ठेवलं. टायरवर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. "एक चाक बसलेलं हाय, म्हणून दुसऱ्याला दोन फेरे द्यायचं. अक्का, तुमी शाफ्ट मोजा. मोठ्यानं."

मी जीपखाली झोपून मोजले. दोन फेऱ्यांना पाच आणि वर साधारण पाव-अर्धा.

"बराबर हाय. कंपनीचं जे असतंय तेच हाय." अण्णांचा आवाज पडला. पहिल्यांदाच त्यांचा अंदाज चुकला होता.

मंगळवारी त्यांनी फोरच्या गिअरची पेटी खोलली, एकेक चक्री पुसून पाहिली. सगळं जागच्या जागी. दुपारी ते जीपकडे पाठ करून बसले. शेडमध्ये सहसा असं होत नसे.

मला एक गोष्ट सकाळपासून सलत होती. मी म्हणाले, "अण्णा, मागचं मोजलं नाही आपण."

"मागचं कशाला? ते मी बसवलंय." ते सहज म्हणाले. "चार वर्सं झाली. मागचा क्राऊन-पिनियन फुटला हुता, तवा सांगलीच्या भंगार बाजारातनं दुसरा आणून मीच घातला. तुमच्या संघाचं काम तवा माझ्याकडंच हुतं. तिकडं बघायचं कारण न्हाई."

मी गप्प बसायला हवं होतं. वयानं, अनुभवानं ते माझ्या वडिलांच्या वर होते. पण दोनच दिवसांत त्यांनी मला एक वाक्य चार वेळा ऐकवलं होतं, आणि तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. "अण्णा, तुम्हीच म्हणता ना, डोळ्यानं बघितलंय म्हणू नका, मोजलंय म्हणा?"

दिनकरमामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून गेले होते. अण्णांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला.

"मारा रेघ."

मागचं एक चाक उचललं. ह्या वेळी ते स्वतः जीपखाली गेले. दिनकरमामांनी चाक फिरवलं, सावकाश. खालून अण्णांचा आवाज येत होता. "एक. दोन. तीन. चार." आणि मग काहीच नाही. चाकाचे दोन फेरे पुरे झाले होते आणि शाफ्टचा पाचवा अजून भरला नव्हता.

"परत," ते खालून म्हणाले.

परत फिरवलं. परत तेच. पुढे पाचाच्या वर, मागे पाचाच्या आत. दोन चाकांवर चालताना काही कळत नव्हतं. पण फोर टाकलं की पुढची चाकं एका चालीनं निघायची आणि मागची दुसऱ्या. मातीत घसरून चालून जायचं. वर्षापूर्वी आलेल्या सिमेंटवर घसरायला जागा नाही, म्हणून सगळा ताण पेटीतल्या चक्र्यांवर यायचा.

अण्णा बाहेर आले. पाठीला माती, टोपी हातात. ते तांब्यातलं पाणी प्यायले.

"त्या दिवशी दिवस कलला हुता," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "बाजारवाल्यानं सांगितलं, ह्याच गाडीचा हाय. लहान चक्रीचं दात मोजलं, आठ भरलं. मोठीचं मोजायचं ऱ्हायलं. म्हटलं, जेवायची येळ टळंल." मग टोपी झटकत, "जेवण येळंवर झालं बगा माझं. आणि चार वर्सं ह्या गाडीनं उपास काढला."

दिनकरमामा घाईनं म्हणाले, "आवं अण्णा, ऱ्हाऊ द्या. कुणाला काय कळतंय? बदलून टाकू. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं तरी कुठं बघितलं?"

"तुला नोटीस कुणाच्या चुकीची मिळाली रं?"

"ती व्हय... ती मिळाली, मिळाली."

"मग?" अण्णा म्हणाले. "उद्या येतो हापिसात."

बुधवारी ते संघाच्या कार्यालयात आले. इस्त्रीचा सदरा, धुतलेली टोपी. मी मध्ये पडून काहीतरी सौम्य सांगणार होते. त्यांनी हातानंच थांबवलं. व्यवस्थापक साहेबांनी खुर्ची दिली, ती घेतली नाही.

"साहेब, गाडीला दोष न्हाई, ड्रायव्हरला न्हाई, दुसऱ्या गॅरेजला बी न्हाई. चार वर्सांमागं मागची चक्री मी न मोजता घातली. चूक माझी हाय. तेवढी नोटीस फाडा, आणि शनिवारी गाडीत बसा."

साहेब चक्रावले. "अण्णा, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"तुमाला न्हाई. पण गाडीला ठावं हुतं की!"

एवढी मोठी चूक इतक्या स्वच्छपणे बोलून दाखवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या कॉलेजात तर नाहीच.

गुरुवारी आम्ही सांगलीच्या भंगार बाजारात. पहिल्या दुकानदारानं क्राऊन-पिनियन पुढे सरकवला. "हेच, पाव्हणं. डोळं झाकून घ्या."

"डोळं झाकून एकदा घेतलंय," अण्णा म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर मांडी घालून बसले. मोठ्या चक्रीच्या पहिल्या दाताला खडू लावला आणि मोजायला लागले. एकोणचाळीस. बाजूला ठेवला. दुसऱ्या दुकानात पुन्हा एकोणचाळीस. दुसरा दुकानदार हसायला लागला, "आवं, देवाची जपमाळ हाय का काय?" तिसऱ्या दुकानात दुपार झाली. तिथली चक्री त्यांनी मोजली, मग मला मोजायला लावली, मग दिनकरमामांना. तिघांचेही त्रेचाळीस भरले.

"पुढं त्रेचाळीस, आता मागं बी त्रेचाळीस," अण्णा म्हणाले. "मिटलं भांडण."

शुक्रवारी सकाळपासून ते जीपखाली होते. चक्री बसली, दातांना रंग लावून दात कुठे टेकतात ते पाहिलं, परत काढली, परत बसवली. ऊन उतरत आलं तेव्हा झाकणाचे चार बोल्ट राहिले होते. अण्णांनी पाना खाली ठेवला.

"आवं अण्णा, चारच ऱ्हायल्यात!" दिनकरमामा रडकुंडीला आले. "सकाळी साहेब येणार. पाच मिंटांचं काम."

"त्या दिवशी बी पाच मिंटांचंच ऱ्हायलं हुतं गड्या." त्यांनी हात धुतले. "आणि बोल्ट घालायच्या आधी मला अजून एकदा मोजायचंय. उजाडल्यावर."

शनिवारी उजाडताच त्यांनी चारही बाजूंनी खडूनं मोजलं. पुढे पाच आणि वर थोडं, मागे पाच आणि वर तेवढंच. मग चार बोल्ट. नऊ वाजता व्यवस्थापक साहेब आले, पुढे बसले. मागे मी, लसीची पेटी आणि अण्णा, अनवाणी, डोळे मिटून.

पायथ्याला दिनकरमामांनी फोर टाकलं. सिमेंटचा चढ सुरू झाला. दर वेळी जिथे जखडायची ती जागा, आंब्याचं वळण, जवळ आली. दिनकरमामांचे खांदे कानापर्यंत चढले होते. मी पेटीची कडी घट्ट धरली होती. वळण आलं आणि गेलं. इंजिनाचा आवाज बदललासुद्धा नाही. साहेबांनी मागे वळून पाहिलं. अण्णांचे डोळे मिटलेलेच.

पुढे तांबडी माती लागली. आदल्या दिवशीच्या पावसानं रस्ता लोण्यासारखा झाला होता. चारही चाकं एकदमच माती उडवायला लागली, एका तालात, आणि जीप हत्तीसारखी, न थांबता, न डोलता, वर चालत गेली. शेवटचा दगडी टप्पा आला तेव्हा दिनकरमामा मोठ्यानं ओरडले, "चल गं माझी बाय!" आणि आम्ही पठारावर.

सगळे टाळ्या वाजवायला लागले. अण्णांनी मात्र डोळे उघडून एकच सांगितलं. "थांब दिनकर. चढली ही खरी परीक्षा न्हाई. फोर काढ. एका बोटानं."

खडकाळ पठारावर गाडी उभी होती. वर्षभर जो गिअर दोन्ही हातांनी, पायानं, एकदा तर पहारीनं काढावा लागला होता, त्याला दिनकरमामांनी करंगळी लावली. गिअर 'टुक्' करून मागे आला.

दिनकरमामा स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वरच्या खिशातून नोटिशीची प्रत काढून तिचे चार तुकडे केले. पहिल्या वाड्यातल्या बायजाक्का दुधाची कासंडी घेऊन पळत आल्या. "आली व्हय शेवटाला! आमी म्हटलं, आता डोक्यावरनं दूध न्यायचं!" त्या दिवशी मी पाचही वाड्यांतल्या जनावरांना लस टोचली. अण्णा बायजाक्कांच्या दारात भाकरी-दह्यासमोर बसले. चटणीत लसूण होता म्हणून ती तेवढी परत केली, आणि भाकरी तीन खाल्ल्या.

मार्ग बंद करायचा ठराव बैठकीत आलाच नाही. पठाराचं दूध आजही खाली येतं.

पुढे माझ्या हातूनही तसंच झालं. एका वासराचा ताप उतरत नव्हता. पोट तपासलं, फुप्फुसं तपासली, रक्त तपासलं. मालक म्हणाला, चाऱ्यात काहीतरी आलं असेल, आणि मी मान डोलावणार होते. तेवढ्यात आठवलं, मागच्या आठवड्यात त्याची जखम मीच शिवली होती. ती तेवढी मी बघितली नव्हती. टाके उकलले, आत पू होता. मालकाला सांगितलं, "चूक माझी आहे." त्यानं जखम धुवायला गरम पाणी आणलं, वासराचं डोकं धरलं आणि सगळं झाल्यावर चहा दिला. वासरू आता बैल झालं आहे.

अण्णांनी दोन वर्षांपूर्वी शेड बंद केलं आणि ते सांगलीकडे मुलाकडे राहायला गेले. निघताना मला काहीतरी द्यायचं म्हणून खिसे चाचपले, खडूचा तुकडा निघाला, तो दिला. "डिग्री तुमच्याकडं हाय. हे ऱ्हाऊ द्या जोडीला." मी तो औषधांच्या पेटीत ठेवला आहे.

पठाराच्या फेरीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आधी, जेवायला बसण्यापूर्वी त्यांचा फोन येतो. तब्येतीची विचारपूस नाही, पाऊसपाण्याची नाही. एकच प्रश्न.

"अक्का, फोर बोटानं निघतंय न्हवं?"

मी फोन दिनकरमामांच्या गिअरजवळ धरते. मामा करंगळी लावतात. टुक्.

"ऐकलं," अण्णा म्हणतात. "आता जेवतो."